विहिरीचं पान

सरांनी माझ्या पानाच्या चार घड्या घातल्या, खाली वाकले आणि ते टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

"आता हलत नाही बघा," ते म्हणाले.

सगळे हसले. मी समोरच बसले होते.

सांगलीला विश्रामबागेत एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी आम्ही जमायचो. नव्वद सालानंतरची गोष्ट. आपल्या भागाचा कोश करायचा, गावोगावच्या लोकांनीच लिहायचा, असं ठरलेलं. फायलींमधली पानं सुटी. कुणीही सभासद नवं पान लिहून लावू शकतो, दुसरा ते दुरुस्त करू शकतो. नियमच होता तसा. म्हणून तर मी गेले. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. डी.एड. साताऱ्याला केलं, नोकरी इकडं लागली. त्या खोलीत बौद्ध मी एकटीच.

माझं पान होतं आमच्या वस्तीच्या विहिरीचं. कडेगावच्या बाजूला आमचं गाव. छप्पन्नला वस्तीनं धर्म बदलला आणि गावानं पाणी तोडलं. मग आमच्या माणसांनी स्वतःची विहीर खणली. सुरुंग लवकर उडाला, त्यात माझ्या वडलांची दोन बोटं गेली. आई सात महिन्यांची पोटुशी, ती दगडाच्या पाट्या वाहत होती. तिचं बोलणं मी तसंच उतरवलं होतं : "पाणी लागलं तवा आमी रडलो न्हाई. लय प्यालो."

सर कॉलेजातून निवृत्त झालेले. इतिहास शिकवायचे. त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. एकदा. मग नाकातून आवाज काढत पुन्हा एकदा.

"बाई, हा कोश आहे. तमाशाचा वग नव्हे."

हशा.

"आणि एका विहिरीला स्वतंत्र पान कशाला? गावाच्या पानात एक ओळ घाला. पुरावा आहे का काही? छापील?"

मी म्हटलं, "वडलांचा हात आहे."

"हात फायलीला लावता येत नाही," सर म्हणाले. त्यानंतर त्यांनी घड्या घातल्या.

त्याच फायलीत एका पाटलाच्या घोडीला स्वतंत्र पान होतं. तिला कुणी पुरावा विचारला नव्हता.

मी उठून गावाकडची एस.टी. धरली. आई भाकरी थापत होती. सगळं सांगितलं.

"मग तू काय केलंस?"

"उठून आले."

"आन पान?"

"तिथंच ऱ्हायलं."

तिचा हात थांबला. "म्हंजे आमी अजून त्येंच्या पायाखालीच व्हय गं?"

ती भाकरी करपली. आई माझ्याकडं बघतच राहिली. मला तोंड वर करवेना. सरांनी हसून मारलं ते एवढं लागलं नव्हतं. मी उठून आले होते, हे लागलं.

पुढच्या रविवारी मी गेले. एकेक फाईल काढून वाचत बसले. तिसऱ्या फायलीत सरांच्या वडलांचं पान सापडलं. ते आमच्याच गावचे निघाले. पान सरांनी स्वतः लिहिलेलं. त्यात ओळ होती : "त्यांनी अस्पृश्य बांधवांसाठी स्वखर्चाने विहीर खोदून दिली."

आमच्या गावात आमची विहीर एकच आहे.

तेव्हा कळलं, माझ्या पानाला जागा का नव्हती.

विहिरीचं जुनं दप्तर बघायला मी तालुक्याच्या कचेरीत खेटे घालायला लागले. शाळा सुटली की जायचं. कारकून म्हणायचा, दप्तर सापडत नाही. मी म्हणायचे, बसते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी एक गाठोडं निघालं आणि त्यात अर्ज निघाला. मामलेदारसाहेबांना केलेला. "सदरहू इसम विनापरवाना विहीर खोदीत आहेत, तरी काम ताबडतोब बंद करणेत यावे." खाली सही. सरांच्या वडलांची.

सहीशिक्क्याची नक्कल घेतली. एस.टी.त मी हसत होते. शेजारची बाई बघायला लागली, तरी हसत होते.

रविवारी मी उभी राहिले आणि अर्ज वाचला. मोठ्यानं. एकदा. मग पुन्हा एकदा.

कुणी हसलं नाही. सर चष्मा काढून काचा पुसत बसले.

"बाई, माणूस गेलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचं विहिरीचं पान लावू आपण. स्वतंत्र. हा कागद तेवढा राहू द्या."

"दोन्ही लागतील," मी म्हटलं.

नवं पान लिहून आणलं होतं. आईचं वाक्य तसंच. एक कानामात्राही बदलला नाही. ते फायलीत लावलं आणि नकलेची झेरॉक्स सरांच्या वडलांच्या पानामागं लावली. पुढच्या रविवारी दोन्ही गायब. मी पान पुन्हा लिहून, झेरॉक्स काढून लावली. पुन्हा गायब. मी पुन्हा. पाच रविवार हेच चाललं. वाद नाही, चर्चा नाही. ते काढायचे, मी लावायचे.

सहाव्या रविवारी मी आईला घेऊन गेले. वस्तीतल्या आणखी सात बायका आल्या. जिना चढून त्या खोलीत आल्या आणि सरळ खुर्च्यांवर बसल्या. मी पानं लावली. आईनं फाईल उचलून सरांपुढं ठेवली.

"काडा की आता. माज्यासमूर काडा."

सरांचा हात टेबलावर होता. तो उचललाच नाही.

"आवं, हात हाय न्हवं?" आई म्हणाली. "मग काडा."

ते उठले, चपला घातल्या आणि जिना उतरले. पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. पुढं कळलं, आजारी असतात. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. लय बरं वाटलं.

लोक म्हणतात, बाई, आता झालं गेलं सोडा. पान लागलं ना तुमचं.

माझं लागलं. पण तिथं चाळीसच्या वर फायली आहेत. अमक्यानं शाळा बांधून दिली, तमक्यानं रस्ता करून दिला, पानापानावर हेच. मी गावांची यादी केलीय. सुट्टी असली की एका गावाला जाते, वेशीबाहेरच्या वस्तीत बसते आणि विचारते, हे कुणी बांधलं? ज्यांनी बांधलं त्यांची नावं लिहून घेते. मग कचेरीत जाऊन दप्तर मागते.

ज्यांची नावं खोटी लावलीत, त्यांची मुलं-नातवंडं त्या खोलीत बसतात. त्यांच्यासमोर मी वाचणार आहे. एकेक पान, उभी राहून. एकालाही सोडणार नाही.