किल्ली हातात, गाडी चालूच!

आता काय सांगू तुम्हाला, फजिती घरातल्या घरात झाली असती तर मी केव्हाच गिळून टाकली असती. पण ही अर्ध्या खापा गावानं रस्त्यावर उभं राहून पाहिली. लपवू कशी?

एक नवी चिमुकली गाडी तेव्हा नुकतीच रस्त्यावर दिसायला लागली होती, ती मी घेतली. गांधीबागेत माझं साड्यांचं दुकान. जुनी गाडी अशी खडखडायची की मी गल्लीच्या तोंडाशी आलो की बायको घरात तवा चढवायची. आणि ही नवी? मांजर तरी जास्त गुरगुरेल हो!

साळीचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचं, लग्न जमवायचं होतं. मुलगा खाप्याचा. त्याच्या वडिलांचा पाय मोडलेला, प्लास्टरमध्ये. म्हणून मुलीलाच तिकडे न्यायचं ठरलं. मी म्हटलं, "चला, नव्या गाडीनं जाऊ. वजन पडंल!"

वजन पडलं, पण कसं ते ऐका.

भर मे महिना. दुपारी मुलाच्या दारात गाडी थांबवली. ओट्यावर खुर्चीत वडील, पाय स्टुलावर. बाजूला मुलगा प्रकाश, काका, काकू, शेजारीपाजारी. मी ऐटीत किल्ली काढली, बोटावर फिरवली.

तोच समोरून आवाज. घुंऽऽऽ!

मी किल्लीकडे पाहिलं. किल्ली हातात. गाडीकडे पाहिलं. गाडी चालू!

"उतरा!" मी ओरडलो. "सगळे उतरा! गाडी बंद होऊन नाही राहिली!"

बायको उतरली, साळी शोभा उतरली. मी मात्र ब्रेकवर पाय रोवून बसलो. आपोआप सुटली तर थेट वडिलांच्या प्लास्टरवर!

"काहून जावईबुवा, उतरून नाही राहिले?" वडिलांनी विचारलं.

"तुम्ही आधी आत जा! प्रकाशराव, दगड लावा चाकाले! काका, पाणी आणा, पेट घेईन ही!"

बिचारा प्रकाश! मुलगी पाहायला म्हणून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, तो दगड उचलत होता. काकांनी बादली आणली. काकू वडिलांना खुर्चीसकट आत ओढायला लागल्या आणि ते ओरडत होते, "अवं, पाय! माहा पाय!"

बायको डोक्याला हात लावून म्हणाली, "अहो, पोरीचं जमू द्याल की नाही?"

"जीव वाचला तं जमंल ना वं!"

एवढ्यात शोभा, जी खाली मान घालून उभी राहायला आली होती, ती पदर खोचून गाडीसमोर वाकली. जाळीतून आत डोकावली.

"शोभा, मागं सरक!"

"भाऊजी," ती म्हणाली, "हा तं पंखा होय! इंजिन तापलं म्हणून फिरून राहिला. इंजिन तं केव्हाचंच बंद आहे."

तेवढ्यात तो पंखाही थांबला. काका बादली धरून उभे, प्रकाशच्या शर्टावर मातीचे पंजे. मी अजून ब्रेक दाबूनच बसलेला.

पहिल्यांदा प्रकाश हसला. त्याचं पाहून शोभा हसली. मग अख्खी गल्ली! मी खाली उतरलो तेव्हा तोंड कुठं लपवावं कळेना.

आत पोहे आले, चहा आला. मी नुसते पोहे चिवडत होतो. माझ्यामुळे सोयरीक मोडली तर सासरी कोणत्या तोंडानं जाऊ?

वडिलांनी कप खाली ठेवला. "पोरगी पसंत आहे आमाले. घरात असं एक तरी डोकं पायजे. पण एक अट आहे."

माझी बायको पांढरीफटक. अट म्हणजे आता काय मागतात?

वडील माझ्याकडे पाहत म्हणाले, "उन्हाळ्यातलं लग्न. मांडवात पंखे तं लावाच लागतीन. तवा जावईबुवाले आधीच सांगून ठेवा. नाही तं मांडव रिकामा करतीन!"