आश्लेषाने नाकारलेलं काम

अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या मेनोनाइट पंथाच्या चर्चमंडळीत माणसं थोडकीच, बहुतेक पिकल्या केसांची. आश्लेषा उबाळे तिथे जायला लागली ती केवळ चर्च घराजवळ होतं म्हणून. ती अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातली, पेटी-तबल्यावर भजनं गात वाढलेली. इथे वाद्यच नव्हतं. सगळे नुसत्या गळ्याने गायचे आणि शनिवारी तळघरात बसून निर्वासितांसाठी गोधड्या शिवायचे. ती आणि तिची मुलगी रुही तिथे रमल्या.

हे लोक युद्धात भाग घेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. आपला त्याच्याशी संबंध येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत तिच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मॅनेजरने तिला लष्करासाठीचं नवं प्रोजेक्ट दिलं. ड्रोनच्या कॅमेऱ्यातून माणूस ओळखायचा. "फक्त ओळखायचा," तो म्हणाला. पुढचं दुसरी टीम बघणार होती.

तेव्हापासून तिचं कशातच मन लागेना. घरी पोचल्यावरही ती गाडीतच बसून राहायची. भाजी करपायची. गोधडीचा टाका चुकायचा, ती उसवायची, परत चुकायचा.

"तू नाही केलंस तर दुसरं कुणी करेलच ना, यार," नवरा नकुल म्हणाला. "माझा स्टार्टअप अजून उभा राहतोय. आपला सगळ्यांचा इन्शुरन्स तुझ्या जॉबवर आहे."

"माहितेय मला."

"मग?"

तिने गाडीची किल्ली उचलली. ती लोइसबाईंकडे गेली. त्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्क. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी त्यांच्या नवऱ्याने बंदूक घ्यायला नकार दिला होता.

"गावाने आमच्याशी बोलणं टाकलं," त्या म्हणाल्या. "माझे यजमान शांत होते. मी मात्र घाबरलेलीच असायचे."

"मी काय करू, ते सांगा ना."

"ते मी नाही सांगणार."

आश्लेषा चिडूनच घरी आली.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, मंडळीत बायका एकमेकींचे पाय धुतात. लोइसबाई गुडघ्यांचं दुखणं सोसत तिच्यासमोर बसल्या. एक पाय धुऊन झाला आणि आश्लेषा एकदम उठली. "नको. ते काम हातात असताना मला हे नाही जमणार," म्हणत तशीच अनवाणी पार्किंगमध्ये गेली. थोड्या वेळाने लोइसबाई टॉवेल आणि तिचे बूट घेऊन आल्या, गाडीत शेजारी बसल्या. आश्लेषाने पाय पुसून बूट घातले.

सोमवारी तिने मॅनेजरला नाही म्हणून सांगितलं. जूनमध्ये तिची नोकरी गेली.

मंडळीत कुणी तिचं कौतुक केलं नाही. डबे मात्र येत राहिले. नकुलने स्टार्टअप बंद करून नोकरी धरली. तो कित्येक दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. आता आश्लेषा एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळते, पगार पुष्कळच कमी.

मध्यंतरी जुन्या कलीगकडून कळलं, प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झालं. तिने ते जेवताना सांगितलं.

"सो इट डिडन्ट स्टॉप एनीथिंग?" रुहीने विचारलं.

"नाही," आश्लेषा म्हणाली.

नकुलने तिच्याकडे पाहिलं, आणि न विचारताच तिच्या ताटात भात वाढला.