आतोबांचा काळा गोल

आमच्या आतोबांइतकं मन लावून घाबरणारा माणूस उज्जैनमध्ये दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सरकारी दप्तरखान्यात कारकून, माधवनगरात दोन खोल्यांचं घर, आणि भीती मात्र अख्ख्या गावाला पुरून उरेल एवढी. भिंतीला कान असतात म्हणून घरातही ते हळू आवाजात बोलत. रस्त्यात समोरचा माणूस नमस्कार करणार की 'जयहिंद' म्हणणार, याचा अंदाज येईपर्यंत नुसते खोकत राहत. गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी आपलंच काहीतरी चुकलं असणार, असा चेहरा करत.

पण त्यांची खरी दैना केली ती बैठकीच्या भिंतीने. संस्थान होतं तोवर तिथे महाराजांची तसबीर होती. स्वातंत्र्य आलं, महाराज उतरले, पुढारी चढले. मग मध्यभारत हे नवं राज्य झालं आणि ग्वाल्हेर मोठं की इंदूर यावर लोक भांडू लागले, तेव्हा आतोबा रोज सकाळी आधी पेपर वाचत आणि मग खिळ्यावर कोणाला टांगायचं ते ठरवत. त्या अदलाबदलीत एकदा जुने दरबारी साहेब घरी आले तेव्हा भिंतीवर पुढारी निघाले, आणि दुसऱ्याच दिवशी खादीवाले आले तर महाराज. आतोबा तीन दिवस तापाने फणफणले.

तापातून उठले ते मला घेऊन थेट भैरवगढला, कापडावर ठसे छापणाऱ्या छिप्याकडे. वाटेत म्हणाले, "फोटोचा काही भरवसा नाही बाबा. आज हे, कल कोई और. भगवा लावला तर एकाचा, हिरवा लावला तर दुसऱ्याचा, लाल तर बिलकुल नको. खामखा लफडा कशाला?" दोन हात पांढऱ्या कापडावर त्यांनी मधोमध एकच काळा गोल छापून घेतला. छिपा हात थांबवून वाट बघत राहिला.

"बाकी के बूटे, बाबूजी?"

"बस, इतना ही."

"तो फिर कपड़ा क्यों बिगाड़ा?"

हल्ली लोक दिवाणखान्यात अशी काळी-पांढरी चित्रं हौसेने लावतात. आतोबांनी ते भीतीने लावलं, एवढाच काय तो फरक. पण ज्यात काहीच नव्हतं, त्यात लोकांना हवं ते दिसू लागलं. पूजेला आलेल्या गुरुजींना ग्रहण दिसलं, त्यांनी त्या खोलीत जेवणाचं पान मांडू दिलं नाही. शेजाऱ्याने विचारलं, "काले झंडे वालों में हो गए क्या?" त्या दिवशी आतोबांनी रजा टाकली.

मग भाषेवर राज्यं होणार अशी बातमी आली आणि माझंही हसू आटलं. बाजारात कुणीतरी पुडी सोडली की, मराठी नोकरदारांना आता मुंबईकडे धाडणार. आतोबांनी मराठी पंचांग ट्रंकेत घातलं. गल्लीत आत्याला ते "अजी, सुनो" म्हणू लागले, आणि आत्याने दोन दिवस ओ दिली नाही. एका दुपारी माझा हात धरून म्हणाले, "तिकडे माझं कोण आहे रे? सहा पिढ्या क्षिप्रेचं पाणी प्यालो आम्ही. इकडचे मला मराठी म्हणून काढणार, तिकडचे हिंदीवाला म्हणून ठेवणार नाहीत. मी जाऊ कुठे?" मला पहिल्यांदाच त्यांच्यासारखी भीती वाटली.

पुढे नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली आणि तिथले नवे साहेब आतोबांकडे चहाला आले. बदल्यांची यादी त्यांच्याच हातात होती. बसण्याआधी त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "यह क्या है?"

आतोबांनी कपबशी घाईने पुढे केली. "कुछ नहीं है, साहब."

साहेब कापडाच्या जवळ गेले. मग दाराकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, "अच्छा है. इस पर कोई कुछ नहीं कह सकता. एक मुझे भी मँगवा दीजिए."

महिन्याभराने यादी आली. आतोबा उज्जैनमध्येच राहिले. आत्याने पेढे वाटले, ते कापड स्वतः उतरवलं आणि म्हणाली, "आता तरी तुमच्या आवडीचं काही लावा."

रविवारी सकाळी आतोबा रिकाम्या भिंतीसमोर बसले. संध्याकाळी मी गेलो तर तसेच बसलेले. मी देव सुचवले, डोंगर सुचवले, मोरसुद्धा सुचवला. ते नुसती मान हलवत राहिले. शेवटी ओशाळून म्हणाले, "अरे, इतकी वर्षं कोणाला काय चालेल तेच बघत आलो. मला काय आवडतं ते आठवतच नाही." आणि उठून त्यांनी तो गोल परत खिळ्याला लावला, दोन पावलं मागे येऊन सरळ लागला की नाही ते पाहिलं. आम्ही सगळे त्या माणसाला पोटभर हसलो होतो, पण त्याला काय आवडतं हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.