माझा आवाज आणि तिसरं स्थळ

माझा आवाज मोठा आहे. म्हणजे मोठाच. सुरतजवळच्या उधन्यातल्या आमच्या गल्लीत मी भाजीवाल्याला "कोथिंबीर आहे का?" विचारलं, की पलीकडच्या गल्लीतला भाजीवालाही "नाही" म्हणतो. आई याचा सगळा दोष लूमला द्यायची. बाबांनी तीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात, त्या खडखडाटात काढली, कान मंद झाले, म्हणून पोरीला ओरडून बोलायची सवय लागली, असं तिचं म्हणणं. बरं, मग माझी मोठी बहीण? तेच घर, तेच बाबा, तीच भाकरी, आणि बाईसाहेब बोलतात ते शेजारी बसलेल्यालाही कळत नाही! बाबांना काही सांगायचं तर ती त्यांची बाही ओढते आणि हातवारे करते. माणूस घरात घडतो म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या घरी येऊन चहा प्यावा.

तर या आवाजापायी माझी दोन स्थळं मोडली. पहिल्यांचा निरोप आला, "मुलगी तापट वाटते." अहो, मी फक्त "साखर किती घालू?" विचारलं होतं! दुसऱ्यांनी तर निरोप द्यायचेही कष्ट घेतले नाहीत.

तिसरं स्थळ हजीऱ्याला कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाचं. तो मला फोटोतच आवडला. दात जरा पुढे, पण हसणं मनापासूनचं. हे स्थळ काही केल्या हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मग बहिणीने पंधरा दिवस माझी शिकवणी घेतली. तोंड कमी उघड, पोटातून बोलू नकोस, कुणी हाक मारली तर तिथूनच 'ओ' देऊ नकोस, जवळ जाऊन बोल. मी इतकं हळू बोलायला लागले की दूधवाल्या गुजराती काकांनी काळजीने विचारलं, "बेन, गळुं बेसी गयुं?"

पाहुणे आले. मी पोह्यांच्या बशा देत "घ्या ना" असं पुटपुटले. मुलाचे वडीलही आयुष्यभर लूमवर राबलेले. त्यांनी विचारलं, "शिक्षण किती?" मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत, तितक्याच नाजूकपणे सांगितलं. दारामागे बहीण खूश.

मग त्यांनी बायकोकडे बघून हाताने खुणा केल्या. खात्यातल्या गोंगाटात बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून कामगार हातांनी बोलतात. त्यांना वाटलं, कुणाला काय कळतंय. अहो, मी त्या खुणांवरच वाढले! ओठांवर बोट, मग कपाळापाशी हात गोल फिरवला, मग मान हलवली. म्हणजे, मुकी आहे, नाहीतर डोक्याने कमी. नको.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुकी? मी? बी. कॉम. झालेय मी, फर्स्ट क्लास! आणि डोकं जागेवर आहे माझं!"

कुणाच्या तरी बशीतला चमचा खाली पडला. आईने कपाळावर हात मारला. गेलं, मी मनात म्हटलं, तिसरंही गेलं.

मुलाचे वडील मात्र खुर्चीत पुढे सरकले. "आत्ता कसं!" ते माझ्याहून मोठ्याने म्हणाले. "बाई गं, आधीच असं बोलायचंस ना! कान गेलेत माझे. घरात ही मायलेकं काय कुजबुजतात, मला वर्षानुवर्षं कळलेलं नाही. हीच सून पाहिजे मला!" मुलगा मान खाली घालून हसत होता. माझी आई तर पेढे आणायला चप्पल न घालताच धावली.

मी बाबांकडे वळले. ते शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. मला वाटलं, लग्न ठरलं म्हणून. जवळ गेले तर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "पंधरा दिन व्हयनात. माले वाटनं, तू मन्हासंगे बोलनं सोडी दिधं."