गुडाखू आणि माझी फेलोशिप

रायपूर राजधानी झालं तेव्हा आम्ही शंकर नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खालच्या मजल्यावर कुठल्याशा नव्या संचालनालयाचं ऑफिस आलं आणि आमच्या फाटकासमोर लाल दिव्याच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. पानठेल्यापासून ड्रायक्लीनरपर्यंत जो तो आपल्या पाटीवर ‘राजधानी’ रंगवून घेत होता. मी ज्या रुग्णालयात होते तिथला कॅन्सरचा विभाग मात्र होता तसाच राहिला. तोंड पुरतं उघडता येत नाही असे पेशंट बाकांवर बसून असायचे, आणि ज्यांना जमायचं ते नागपूरची नाहीतर मुंबईची गाडी पकडायचे.

मी तिथे डॉक्टर होते. तोंडातल्या जखमेचा तुकडा काढायचा, तपासायला पाठवायचा, रिपोर्ट आला की घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचं, याचा मला थकवा आला होता. हे का होतं ते शोधायचं होतं, आणि ते शोधतात कसं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यासाठी एक फेलोशिप होती. मोठ्या शहरातल्या संस्थेत तीन वर्षं राहून संशोधन शिकायचं, आणि परत आल्यावर आपल्या गावात काम उभं करायला थोडं अनुदान. अर्ज चाळिशीच्या आत करायचा, अशी अट. दोनदा केला, दोनदा नाकारला गेला. पहिल्यांदा म्हणाले, प्रस्तावात दम नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, यात नवीन काय? कमिटीला दिल्लीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! इथे दिवसभर ओपीडी, संध्याकाळी टायपिंगच्या दुकानात प्रस्ताव, आणि वय काही माझ्यासाठी थांबत नव्हतं. तिसरा अर्ज हा शेवटचाच होता.

या खेपेला माझ्याकडे नवीन काहीतरी होतं. शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांना लागून बीरगांव ही वस्ती आहे. तिकडून येणाऱ्या बायकांना तोंडाचा कॅन्सर होत होता आणि त्यातल्या कितीतरी जणी तंबाखू खात नव्हत्या. प्रश्नावली मी मुंबईच्या ज्या संस्थेत शिकायला जाणार होते तिथलीच आणली होती. अशा कामात प्रमाणित प्रश्नावली असली की वजन पडतं. तंबाखू चघळता का, बिडी ओढता का, गुटखा खाता का. बायका मान हलवायच्या, “तमाखू नइ खावंव, मैडम.” मी ‘नाही’ लिहायचे आणि पुढच्या बाईला बोलवायचे. मग यांना कॅन्सर होतो कशाने? उरल्याची धूळ, रोलिंग मिलचा धूर, असं काहीतरी असणार, असा मी तर्क मांडला. आमचे विभागप्रमुख वाचून खुर्चीतून उठलेच. “मैडम, इस बार तो पक्का है,” म्हणाले. आणि खरंच मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी चहा घेत उत्तरांची तालीम करत होते. आई बेसिनपाशी उभी होती. वडील रेल्वेत होते, त्यामुळे आईचं अर्धं आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरांत गेलं आणि शेजारणींकडून तिने जे जे उचललं त्यात सकाळचं गुडाखू होतं. गुळासारखी काळी, चिकट पेस्ट, छोट्या डबीत मिळते. बोटावर घ्यायची आणि हिरड्यांवर घासत बसायची. त्याशिवाय आईचं पोट साफ होत नसे की डोळे उघडत नसत. मी गंमत म्हणून तिलाच विचारलं, “माताजी, तंबाकू खाती हैं?”

आई तोंड धुऊन फणकारली, “माह्या माहेरी कोनी तमाकूले हात नाही लावला. मले काहून विचारून राहिली?”

मी हसले. मग माझं लक्ष बेसिनवरच्या उघड्या डबीकडे गेलं आणि हसू गेलं.

गुडाखूत तंबाखू असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. रायपुरात ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आमच्या घरात ते दात घासणं होतं. आईचं दात घासणं मी जन्मापासून बघत होते, आणि ज्या बायकांना मी प्रश्न विचारले त्याही आपापल्या घरी दातच घासत होत्या. दात घासणाऱ्या बाईला तंबाखू खाते का विचारलं तर ती नाहीच म्हणणार. मुंबईच्या प्रश्नावलीत गुडाखू नव्हतं आणि मी, इथे वाढलेली, ते त्यात घालायला विसरले. काखेत कळसा अन् गावाला वळसा. ही म्हण आई मला शाळेत असल्यापासून ऐकवत आली होती.

त्याच दिवशी वॉर्डातल्या बायकांना पुन्हा विचारलं, गुडाखू करता का? “हव,” पहिलीने मान डोलावली, आणि त्यात काय विचारायचं अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. दुसरी म्हणाली, हव. मग तिसरीला विचारायला मला धीर होईना, तरी विचारलं.

विभागप्रमुखांना सांगितलं. ते दार लोटून म्हणाले, “पहले फेलोशिप ले लो. बाद में सुधार लेना.” ते वाईट गृहस्थ नव्हते. मी जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दिल्लीच्या गाडीत बसले तेव्हा मीही तसंच करणार होते. मग कमिटीसमोर बसले. एका वयस्कर सदस्याने विचारलं की तंबाखू न खाणाऱ्या या बायकांबद्दल जरा सांगा. आणि मी सांगून टाकलं. पुढे लोक प्रामाणिकपणा वगैरे म्हणाले. ते काही खरं नाही. मी थकले होते. एक खोटी गोष्ट तीन वर्षं ओढत न्यायची माझ्यात ताकदच उरली नव्हती. त्या सदस्याने चष्मा काढून पुसला. “मग यात नवीन काय राहिलं?” त्याने हळूच विचारलं. काही नाही, मी म्हटलं. त्याने मला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायला सांगितलं. माझं वय त्याने पाहिलं नसावं.

घरी आले तर आई दारातच उभी. “भेटलं का?”

“नाही.”

“काहून?”

मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता म्हणून मी तिलाही सांगितलं. गुडाखूमुळे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीजवळ खुर्ची ओढून बसली आणि तोंड उघडून म्हणाली, “पाय. साऱ्याईचं पाहून राहिली, माहंही पाय.” मी टॉर्च धरला. खालच्या हिरडीवर, जिथे तिचं बोट पोचायचं तिथे, एक पांढरा चट्टा होता. असे चट्टे मी रोज बघत होते. तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट चांगला आला, पण गुडाखू बंद करायलाच हवं होतं.

ओळखीचे लोक म्हणाले, बघ, देवानेच तुला थांबवलं. मला याचा संताप यायचा. मला ती फेलोशिपही हवी होती आणि आईचं तोंडही धड हवं होतं. एकाच्या बदल्यात दुसरं घ्यायला मी कधी तयार झाले होते?

आईने डबी फेकली. तिचे फार हाल झाले. डोकं धरून बसायची, भांडी आपटायची, पोट साफ होत नाही म्हणून दिवसभर कुरकुरायची. शेजारीण आपली गुडाखूची डबी पुढे करायची तर आई तोंड फिरवून घ्यायची. त्या वयात एवढी जुनी सवय सुटलेली मी वॉर्डात क्वचितच पाहिली होती. चट्ट्याला घाबरली असेल, असं मी धरून चालले. महिन्या-महिन्याला टॉर्च घेऊन बघायचे. चट्टा फिका होत गेला आणि पावसाळा संपता संपता दिसेनासा झाला.

त्या दिवशी मी टॉर्च बंद करून तिला सांगितलं की आता काही नाही, साफ आहे. तोवर मी चाळिशी ओलांडली होती. आईने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली,

“मी तं सोडलं आता. आता देतील का तुले?”

“हव,” मी म्हटलं, आणि कपबशा उचलून आत गेले.