ग्रीसला जानेवारीत

ग्रीसला कधी जावं याचा मी महिनाभर अभ्यास केला. एवढा अभ्यास बारावीला केला असता तर आज गोरेगावच्या ऑफिसात साहेबांच्या सह्यांची वाट बघत बसले नसते. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे भट्टी पेटलेली असते आणि मुंगी शिरायला जागा नसते, म्हणून ते बाद. सप्टेंबरात गर्दी ओसरते आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र छान कोमट राहतो. इंटरनेटवरचे सगळे जाणकार सप्टेंबरवर फिदा होते, पण त्यांच्या घरी गणपती नसतात. आई गणपतीत गावाला गेली नाही, तर चुलत्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे वर्षभर विचारत राहतील. उरला मे. डोंगरावर रानफुलं, हवा मवाळ, पाणी जरा गार, पण आम्हाला कुठे पोहता येतं? शिवाय मे महिन्यात चारकोपच्या आमच्या घरातून पळून जायला वेगळं कारण लागत नाही.

मी मोठ्या ऐटीत निकाल जाहीर केला. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जानेवारीत जाऊया."

जानेवारीत तिकडे पाऊस असतो, वारा असतो, बेटांवरची हॉटेलं बंद असतात, बोटी रद्द होतात, हे सगळं मी तिला सांगितलं. मग बोरिवलीच्या एका टूरवालीकडे घेऊन गेले. म्हटलं, माझं नाही तर परक्या बाईचं तरी ऐकेल. ती बाई हसून म्हणाली, "काकू, जानेवारीत आमची ग्रीसची टूरच नसते." आई म्हणाली, "मग आम्ही आमच्या जाऊ." आणि पर्स उचलून उठली.

तिला ग्रीसच का हवं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माझे बाबा मालवाहू बोटीवर फिटर होते. माझा जन्म झाला त्या हिवाळ्यात त्यांची बोट अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात अडकून पडली. इंजिन बिघडलं, कंपनीने हात वर केले, आणि खलाशी तिथेच राहिले. इकडे गावाला आईचं बाळंतपण अवघड झालं. ती मरता मरता वाचली. नवऱ्याची काही खबर नाही, सासू आजारी. बाबा परतले तेव्हा मी पालथी पडायला लागले होते. येताना त्यांनी एक कॅलेंडर आणलं होतं. निळाशार समुद्र, पांढरी घरं, गच्चीवर फुलांच्या कुंड्या. कोणीतरी फुकट दिलं म्हणून बिचाऱ्यांनी आणलं, आणि आयुष्यभराचा पुरावा स्वतःच्या हाताने बायकोच्या स्वयंपाकघरात टांगला.

माझा वाढदिवस जानेवारीतला. दरवर्षी केक कापून झाला की आई कोणाला तरी सांगायचीच, "हिच्या वेळेला हे तिकडे समुद्रावर हवा खात होते." सगळे हसायचे. बाबाही हसायचे, मग म्हणायचे, "हवा कसली? थंडीने जीव जायची वेळ आली होती. एकदा काय झालं..." त्या 'एकदा'च्या पुढे मी कधी काही ऐकलंच नाही. तोवर आई प्लेटा उचलून आत गेलेली असायची आणि ऐकणारेही पांगायचे. लहानपणी मला हा त्यांचा खेळ वाटायचा. तो खेळ नव्हता. आईला खरोखरच वाटत होतं की ती मरणाशी झुंजत होती तेव्हा हा माणूस मजेत होता, आणि हे तिने त्यांना कधी माफ केलं नव्हतं.

टूरवालीकडून घरी आलो तेव्हा बाबा समजावायला लागले. डॉक्टरांनी त्यांना लांबचा प्रवास बंद केला होता, त्यामुळे ते येणार नव्हते. "अगं, मेमध्ये जा. मला नाही बघायला मिळालं, ते तुम्ही तरी बघा."

आई रागावली की मालवणीत शिरते. "तुम्ही काय बघितलात, ताच माका बघूचा आसा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई सहलीला नाही, पंचनाम्याला निघाली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होते, तेव्हा बाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला पाऊस लागला पाहिजे गं." प्रवासाला निघालेल्या मुलीला कोणी असा आशीर्वाद देतं का? मला हसू आलं, आणि मग त्यांच्याकडे बघवेना.

अथेन्सला उतरलो तर लख्ख ऊन. हॉटेलवाला खुशीत म्हणाला, जानेवारीत आमच्याकडे मध्येच असे उबदार दिवस येतात, तुमचं नशीब चांगलं. माझ्या महिनाभराच्या अभ्यासात हे कुठे आलंच नव्हतं. आई स्वेटर कमरेला बांधून फिरली. संत्र्यांनी लगडलेली झाडं रस्त्याच्या कडेला उभी होती, लोक बाहेर खुर्च्या टाकून कॉफी पीत होते. "बघ," ती प्रत्येक वळणावर म्हणायची. "बघ गो, कसला ऊन पडलाहा!" ती जिंकत होती आणि दर 'बघ'ला तिचा चेहरा उतरत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीवर असताना पावसासाठी देवाला हात जोडले.

परतायच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. आम्ही पिरेयसला गेलो तेव्हा वारा असा सुटला होता की छत्री उघडताच उलटी झाली. समुद्र राखाडी, धक्का राखाडी. पावसाचे थेंब तोंडावर टाचणीसारखे टोचत होते. माझी बोटं बधिर झाली, मी म्हटलं, "आई, चल, कुठेतरी आत बसू." तिच्या अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, तरी ती कुडकुडत होती. पण हलायला तयार नव्हती. लांब एक गंजकी मालवाहू बोट उभी होती, तिच्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "त्यांना फोन लाव."

चारकोपला दुपार झाली होती. बाबा झोपेतून उठून बसले. व्हिडिओवर त्यांना पाऊस दिसला असावा, कारण त्यांनी चष्मा चढवून फोन डोळ्यांजवळ नेला. आईनेच विचारलं, "अहो, तेव्हा तुमच्याकडे स्वेटर होता का?"

माझ्या आठवणीत तिने त्या हिवाळ्याबद्दल त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"एक होता," बाबा म्हणाले. "तिघांत. पाळीपाळीने घालायचो. बोटीवरचा हीटर बंद होता ना."

"मग मला कधी सांगितलं नाही ते?"

बाबांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"सांगत होतो गं," ते म्हणाले.

आईने फोन कानाला लावला, जणू तो साधा फोनच होता. वाऱ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "आता सांगा."