चुकीचा फलंदाज

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलमध्ये मी फार्मासिस्ट म्हणून लागले, तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर एक माओरी बाई काम करायच्या. साठीला टेकलेल्या, बोलक्या. एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, "तुला क्रिकेटचा स्कोअर लिहिता येतो ना? मग बेसबॉलचाही जमेल." शनिवारी सकाळी गाडी घेऊन त्या दारात हजर.

त्यांचे यजमान निवृत्त पोस्टमन. गावात बेसबॉल कुणी फारसं खेळत नसताना त्यांनी स्वतःच्या हिमतीवर संघ उभा केला होता, आणि कोचही तेच होते. दूध फॅक्टरीतले कामगार, युनिव्हर्सिटीतले दोन कोरियन विद्यार्थी, एक जपानी बेकर. पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. तरी दर शनिवारी कोच मैदानावर सगळ्यांच्या आधी येऊन, गुडघ्यांवर बसून चुन्याच्या रेघा मारत.

तिसऱ्या वर्षी आम्ही ऑकलंडच्या संघाला हरवलं. त्यानंतर लोक घडीच्या खुर्च्या घेऊन यायला लागले. माझी मुलगी डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आइस्क्रीम आणून माझ्याजवळ बसायची. मी मराठीत नियम समजावायचे आणि ती म्हणायची, "आई, आय नो!"

चौथ्या वर्षी अंतिम सामन्याच्या आधी बाई मला म्हणाल्या, "हे हल्ली विसरायला लागलेत. कुणाला सांगू नकोस."

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे होतो आणि आमचे दोन गडी बाद झाले होते; तिसरा गेला की खेळ संपणार. कोचनी बेकरला फलंदाजीला पाठवलं. माझ्यासमोरच्या यादीत पाळी दुसऱ्याची होती. यादी त्यांनीच सकाळी लिहून दिली होती, आणि बेसबॉलमध्ये तो क्रम मोडता येत नाही. पण स्कोअर लिहिणाऱ्याने अशी चूक आपणहून दाखवायची नसते. ती समोरच्या संघाने हेरायची. मी पेन्सिल धरून गप्प बसले. बेकरने चेंडू लांब मारला, दोघे धावत होम प्लेटवर पोचले, लोक उभे राहून ओरडले. तेवढ्यात समोरचा कॅप्टन पंचांकडे गेला.

आमचा गडी बाद. दोन्ही धावा रद्द. सामना गेला.

कोच माझ्या टेबलापाशी आले. "तुला दिसत होतं. का नाही सांगितलंस?"

"नियम आहे," मी म्हणाले. त्यांनी यादी उचलली, स्वतःचं अक्षर बराच वेळ पाहिलं आणि बायकोचा हात धरून गाडीकडे गेले.

त्यांनी कोचिंग सोडलं. विद्यार्थी कोर्स संपवून परतले, फॅक्टरीतले दोघे ऑस्ट्रेलियाला गेले. पुढच्या मोसमात पहिल्याच सामन्याला सातजण जमले. नऊ लागतात. समोरच्या संघाशी हात मिळवून सगळे घरी गेले, आणि संघ तिथेच संपला.

हिवाळ्यात ते दोघं मला सुपरमार्केटमध्ये भेटले. "किया ओरा!" कोच हसून म्हणाले. "शनिवारी येतेस ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मैदानावर आता काहीच नव्हतं.

"येते," मी म्हणाले.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. मागच्या हिरवळीवर त्यांनी माझ्या हातात चेंडू दिला आणि माझी बोटं एकेक करून शिवणीवर नीट बसवली. मी कधी चेंडू टाकलाच नव्हता. पहिला कुंपणावर आदळला. "पुन्हा," ते म्हणाले. जेवणाची वेळ होईपर्यंत मी टाकत राहिले.